एक ऑगस्टची भिंत : वाचनालयाच्या प्रकल्पाच्या नोंदी

११ जून २०२५

कार्यकारिणीने विषय मंजूर केला. दरवर्षी आपल्या वाचनालयात १ ऑगस्टला दोन तसबिरी टेबलावर मांडतात. एक लोकमान्य टिळकांची, पुण्यतिथी म्हणून. दुसरी अण्णाभाऊ साठे यांची, जयंती म्हणून. दोन हार, एक नारळ, एक भाषण, चहा. पाऊण तासात सगळं आटोपतं आणि संध्याकाळपर्यंत तसबिरी कपाटात परत जातात. यंदा त्या दिवशी वाचनकक्षाची लांब भिंत फलकांनी पूर्ण भरायची आणि १२ ऑगस्टपर्यंत, म्हणजे ग्रंथपाल दिनापर्यंत, ते उतरवायचे नाहीत.

काम हायस्कूलची नववीची मुलं करणार. मी आणि ग्रंथपाल ताई सोबत असू. इतिहासाच्या मजकुरावर शेवटची नजर निवृत्त शिक्षक असलेल्या आमच्या सरांची.

१६ जून

मुलांनी पहिली यादी आणली. मोबाईलवर ‘आजचे दिनविशेष’ शोधून वहीची चार पानं भरलीत. १७७४ : जोसेफ प्रीस्टलीने ऑक्सिजन वेगळा केला. १९१४ : जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १९४४ : वॉर्सातला उठाव सुरू झाला. १९६० : बेनिन स्वतंत्र झाला. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. मीनाकुमारीचा जन्म. भगवानदादांचा जन्म. जागतिक स्तनपान सप्ताहाची सुरुवात. महसूल दिन.

सगळं खरं आहे, पण एकाखाली एक लिहिलं की कशालाच वजन उरत नाही. वॉर्सातल्या उठावात शहर बेचिराख झालं आणि त्याच्या खालच्या ओळीत कुणाचा तरी वाढदिवस. दिनविशेषाच्या फळ्यावर आपण वर्षानुवर्षं हेच करतो.

मुलांना एक कसोटी दिली. यादीतली कुठलीही दोन नावं घ्यायची आणि त्यांच्यामध्ये तारखेशिवाय आणखी काही आहे का ते शोधायचं. सापडलं तर भिंतीवर, नाही तर वहीत.

विज्ञानाच्या बाईंना ऑक्सिजन हवाच आहे. प्रीस्टलीने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं, वायू गोळा केला आणि त्यात मेणबत्ती कशी जोमाने जळते ते पाहिलं. प्रयोग सुंदर आहे, पण पाऱ्याची वाफ विषारी, त्यामुळे करून दाखवायचा प्रश्नच नाही. जिन्याजवळच्या छोट्या फळ्यावर चित्र काढून लावू.

१९ जून

कसोटी लागू पडतेय. एका मुलीने विचारलं, “सर, १८३४ मध्ये १ ऑगस्टला ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली असं लिहिलंय. तेव्हा आपण पण ब्रिटिशांकडेच होतो ना? मग आपल्याकडे काय झालं?”

प्रश्नाला उत्तर देण्याआधी सरांनी तिला खुर्ची ओढून समोर बसवलं. १८३३ चा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळलेला होता. हिंदुस्थानासाठी वेगळा कायदा यायला १८४३ उजाडलं. ज्या कॅरिबियन बेटांना १८३३ चा कायदा लागू झाला तिथेही शेतावरच्या माणसांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली मालकाकडेच राबावं लागलं. पूर्ण सुटका झाली १ ऑगस्ट १८३८ ला. भरपाईपोटी २ कोटी पौंड देण्यात आले आणि ते मालकांना मिळाले. राबणाऱ्यांना काही नाही.

मग ऊसमळ्यांना माणसं कुठून आणायची? हिंदुस्थानातून, करारावर. मॉरिशसला गेलेल्या त्या मजुरांमध्ये कोकणातली मराठी माणसंही होती आणि त्यांचे वंशज तिथे आजही मराठी शिकतात. मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली ती मात्र १ फेब्रुवारी १८३५ ला, त्यामुळे त्या बेटाचा मुक्तिदिन वेगळा आहे. हे गुलामगिरीच्या फलकावर ठळक लिहायचं. एका साम्राज्यात एकच दिवस सगळीकडे सारखा उगवला नव्हता.

फलकाचा मजकूर तीच लिहिणार.

२६ जून

आज राजर्षी शाहू महाराजांची जयंती. संध्याकाळच्या बैठकीत टिळकांच्या फलकावर बोलायचं ठरलं होतं आणि दिवसामुळे विषय आपोआप धारदार झाला.

आमचा भाग कोल्हापूरच्या शेजारचा. इथे टिळकांचं नाव घेतलं की वेदोक्त प्रकरण, म्हणजे शाहू महाराजांच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला तो वाद, निघणारच. १९०१ मध्ये ‘केसरी’ने त्या वादात शाहू महाराजांच्या विरोधात लिहिलं. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकालाही टिळकांचा विरोध होता. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं किमान वय १० वरून १२ वर्षं करायचं होतं. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, ही त्यांची भूमिका. १९१८ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत ते अस्पृश्यतेविरुद्ध जाहीरपणे बोलले. अस्पृश्यता स्वतःच्या आयुष्यात पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर मात्र त्यांनी सही केली नाही.

अध्यक्षांचं म्हणणं, “पुण्यतिथीला हे कशाला?” त्यांच्या शब्दांत दुखावलेपण होतं आणि ते मला समजतं. त्यांच्या घरी ‘गीतारहस्य’ची पहिल्या काळातली प्रत आहे, वडिलांनी रोज वाचलेली. सर अध्यक्षांना म्हणाले, “अण्णा, त्यांनी सहा वर्षं मंडालेत काढली, तीही इथेच लिहायची आणि हेही इथेच लिहायचं. मुलं मोठी झाल्यावर दुसरीकडून कळलं तर आपण लपवलं म्हणतील.”

माझं मत सरांच्या बाजूने पडलं. ज्याच्या खांद्याला खांदा लावून गिरणी कामगार उभे राहिले आणि ज्याच्या लेखणीने वेदोक्ताच्या वादात उच्चवर्णीयांची बाजू घेतली, तो माणूस एकच होता. एकाच फलकावर दोन्ही येणार. अध्यक्षांनी शेवटी मान्यता दिली. ‘गीतारहस्य’ची ती प्रतही काचेच्या पेटीत ठेवायला देतो म्हणाले. हा ग्रंथ टिळकांनी तुरुंगात पेन्सिलीने लिहिला, हे त्यांनीच मुलांना सांगावं असं ठरलं.

३ जुलै

आज भिंतीचा कणा सापडला.

एका मुलाने नाट्यमय ओळ लिहून आणली होती : ‘एक सूर्य मावळला, त्याच दिवशी दुसरा उगवला.’ टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. अण्णाभाऊंचा जन्मही त्याच तारखेचा, त्याच सालचा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. ओळ वाचायला छान वाटते, पण एकाच्या जाण्याचा दुसऱ्याच्या येण्याशी काही संबंध नाही. सरदारगृहाबाहेर जमलेल्या हजारोंपैकी एकालाही वाटेगावच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाईंना मुलगा झाल्याचं कळलं नसणार. कळलं असतं तरी कुणी वळून पाहिलं नसतं. त्या पोराच्या जातीवर गुन्हेगारीचा शिक्का होता आणि मोठ्यांना सरकारी हजेरी द्यावी लागत होती. ओळ काढली.

मग खरा धागा कोणता? १९०८. खुदीराम बोस प्रकरणानंतर ‘केसरी’त आलेल्या अग्रलेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. २२ जुलैला रात्री न्यायमूर्ती दावर यांनी शिक्षा सुनावली : सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. ज्युरीचा कौल ७ विरुद्ध २ होता. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजले तरी कामगार आत गेले नाहीत. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवसांचा संप. लष्कर रस्त्यावर आलं, गोळीबार झाला, कामगार मेले. टिळकांना ‘तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी’ म्हणत, ते तेली-तांबोळी हेच.

लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेत लिहिलं. आणि पुढे त्याच गिरणगावात, दुष्काळात बापाबरोबर पायी मुंबई गाठलेला, शाळेत दीड दिवस बसलेला तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णाभाऊ, हमाली, गिरणीकाम असं पडेल ते करत कम्युनिस्टांच्या लाल बावट्याखाली आला. पुढे स्टालिनग्राडचा पोवाडा त्याने लिहिला. १९६१ मध्ये तो स्वतः रशियाला जाऊन आला आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्याचा पुतळा उभा राहिला.

दोन तसबिरींच्या मध्ये गिरणीचा भोंगा आहे. भिंतीच्या मधोमध १९०८ चा संप येणार, डावीकडे टिळक, उजवीकडे अण्णाभाऊ.

४ जुलै

रात्री आणखी सुचलं ते विसरायच्या आत. भगवानदादा पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार, स्वतः मजुरी करत चित्रपटांत शिरले, १९५१ चा ‘अलबेला’ गाजला, आणि शेवटची वर्षं पुन्हा दादरच्या चाळीत. मुलांच्या यादीत ते ‘सिनेमा’ या रकान्यात होते. त्यांना गिरणीच्या फलकाशेजारी आणायचं.

९ जुलै

ग्राम महसूल अधिकारी (गावात अजून तलाठी भाऊसाहेबच म्हणतात) पुस्तक बदलायला आले होते. म्हणाले, “आमचा पण दिवस तोच. आमचं वर्षच त्या दिवशी सुरू होतं.” महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. पेरण्या उरकलेल्या असतात, पुढचा हंगाम समोर असतो, त्यामुळे हिशेब शेतीच्या चालीने चालतो.

महसूल दिन मी सरकारी कार्यक्रम म्हणून बाजूला ठेवला होता, पण सरांनी लगेच १८९६ चा दुष्काळ काढला. पीक बुडालं असेल तर शेतसारा तहकूब करण्याची, सूट देण्याची तरतूद सरकारच्याच दुष्काळ संहितेत होती. शेतकऱ्याला ती कोण सांगणार? टिळकांनी ‘केसरी’तून आणि पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेच्या कार्यकर्त्यांमार्फत गावोगाव ती सांगितली. हा तुमचा हक्क आहे, घाबरून भांडीकुंडी विकून सारा भरू नका. १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली.

आणि दुसऱ्या बाजूला अण्णाभाऊंची ‘फकिरा’. भुकेने मरणाऱ्या माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा नायक. तो खजिना आला कुठून, तर साऱ्यातूनच. कादंबरीतला फकिरा अण्णाभाऊंच्या घराण्याच्या ओळखीतला खरा माणूस. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी त्याने लुटीतले सुरती रुपये बाळंतिणीच्या घरी दिले, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत येते. एकाने कायद्याचं कलम वाचून दाखवलं, दुसऱ्याने पेटी फोडणाऱ्याची गोष्ट लिहिली. दोन्ही वेळा भुकेला माणूस तोच आणि तिजोरीही तीच.

भाऊसाहेबांना विचारलं, जुन्या साऱ्याच्या पावतीचा नमुना मिळेल का. बघतो म्हणाले.

१८ जुलै

अण्णाभाऊंचा स्मृतिदिन, १९६९. आज त्यांच्या फलकासाठी वस्तीतल्या एका जुन्या शाहिरांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. मुलं पायऱ्यांवर बसली, पाऊस पत्र्यावर वाजत होता. शाहिरांनी डफ मागवला, पण सादळला होता. ताईंनी तो चुलीपाशी नेऊन शेकवून आणला.

त्यांनी आधी गायलं नाही, समजावून सांगितलं. “पोरांनो, तमाशात आधी काय असतंय? गण. गणपतीला नमन. मग गौळण, मग बतावणी, मग वग. अण्णानं काय केलं? गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवबाला वंदन आणलं. गौळण काढली. गवळणीची थट्टा करून पैका मिळवायचा नव्हता त्यांना. आणि वगात सावकार, गिरणीमालक, पुढारी आणून उभं केलं.”

परतताना सर बोलत राहिले. टिळकांनी १८९३ पासून गणपती घराबाहेर आणला, मेळे उभे केले, गाण्यांतून राजकारण रस्त्यावर नेलं. अण्णाभाऊंनी पन्नासेक वर्षांनी तमाशाच्या गणातून गणपती काढला आणि तेच केलं. माणसं जिथे आधीपासून गोळा होतात, हसतात, रात्र जागवतात तिथेच जायचं, ही जाण दोघांकडे होती. दोन्ही सरकारं घाबरलीही सारखीच. इंग्रजांनी मेळ्यांच्या गाण्यांवर नजर ठेवली. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये उभं केलेलं ते पथक.

मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. संपाच्या फलकाखाली डफ आणि मेळ्याचा झेंडा शेजारी शेजारी काढायचा.

शाहिरांनी १ ऑगस्टला यायचं कबूल केलं. ‘माझी मैना’ची छक्कड म्हणेन म्हणाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी लिहिलेली ती छक्कड त्यांनी तरुणपणी मोर्चात म्हटली होती. त्यातला ‘मुंबई’चा उल्लेख आला की त्यांचा आवाज आजही वर जातो.

२२ जुलै

शिक्षेचा दिवस. मुलांनी न सांगता १९०८ चा फलक आज पूर्ण केला. भोंग्याचं चित्र कोळशाने काढलंय, धूर बोटाने पसरवलाय. वॉर्निश लावू नका म्हटलं, तसंच राहू दे.

२५ जुलै

‘१९२०’ या एका वर्षाचा फलक वाढवला. भिंतीवर जागा होती आणि ते वर्षच असं आहे. ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ निघालं. मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, शाहू महाराज स्वतः तिथे आले आणि आंबेडकरांच्या रूपाने तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला असं त्यांनी लोकांना सांगितलं. १ ऑगस्टला टिळक गेले, आणि गांधीजींचं असहकाराचं आंदोलन सुरू व्हायचा दिवसही तोच ठरला होता. त्याच दिवशी गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयला परत केलं आणि टिळकांच्या अंत्ययात्रेत खांदाही दिला. ३१ ऑक्टोबरला मुंबईत आयटक या कामगार संघटनेची स्थापना झाली, लाला लजपतराय अध्यक्ष. त्याच संघटनेच्या झेंड्याखाली पुढे गिरणगावातल्या पिढ्या लढल्या.

‘फकिरा’ १९५९ मध्ये आली ती आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण होऊन. म्हणजे ‘मूकनायक’पासून निघालेली रेघ वाटेगावच्या पोरापर्यंत येते. मुलांनी ती रेघ लाल दोऱ्याने ओढली.

२९ जुलै

छपाईच्या दुकानात फ्लेक्स करायचा सल्ला मिळाला. नाही म्हटलं. हाताने लिहिलेले कार्डशीटच लागतील. अक्षर कच्चं असलं तरी वाचणारा जवळ येतो.

दोन्ही तसबिरी धुऊन पुसल्या. त्या यंदा टेबलावर नाहीत, भिंतीवर आपापल्या फलकाच्या डोक्यावर, समान उंचीवर. ताईंनी पट्टीने मोजून खिळे ठोकून घेतले.

३१ जुलै

महसुली वर्षाचा शेवटचा दिवस. भाऊसाहेब कामाच्या धबडग्यातून रात्री आठला पावतीचा नमुना घेऊन आले. कोरा नमुना, नाव-गट क्रमांक नसलेला, तसाच मागितला होता. काचेच्या पेटीत ‘गीतारहस्य’ आणि ‘फकिरा’च्या मध्ये ठेवला.

१ ऑगस्ट

सकाळपासून झड. तरीही लोक आले. हायस्कूलची मुलं आधी, मग वस्तीतल्या जयंती मंडळाची मंडळी पिवळे झेंडे घेऊन, मग पेठेतले नेहमीचे सभासद. एरवी ही माणसं १ ऑगस्टला दोन वेगवेगळ्या चौकांत असतात.

भाषण ठेवलंच नव्हतं. प्रत्येक फलकाशेजारी तो लिहिणारा मुलगा किंवा मुलगी उभी, विचारेल त्याला सांगायचं. टिळकांच्या फलकासमोर एक आजोबा बराच वेळ थांबले, सहीची गोष्ट दोनदा वाचली आणि विचारलं, “बोलले, पण सही केली नाही?” मुलगा म्हणाला, “नाही केली. पण बोलले होते, तेही लिहिलंय.” दोघं तिथेच वाद घालत राहिले. मी मध्ये पडलो नाही.

अध्यक्षांनी मंडालेची हकिगत सांगितली. कोठडी, पेन्सिल, वह्या सुटकेनंतर परत मिळतील की नाही ही धास्ती. सांगताना त्यांचा गळा दाटला. त्यानंतर शाहीर उठले. डफ या वेळी कोरडा ठेवलेला होता. छक्कड संपेपर्यंत वाचनकक्षात उभं राहायला जागा नव्हती. बाहेर छत्र्या धरून माणसं खिडकीपाशी.

गुलामगिरीच्या फलकापाशी मात्र मुलगी एकटी पडली होती. दुपारी एक बाई आल्या, मुंबईत जहाजावर कामाला असलेल्या मुलाची आई. त्याची बोट मॉरिशसला लागली होती म्हणे, तिथे एक दुकानदार मराठीत बोलला आणि पोराला विश्वास बसेना. त्या बाईंनी १८३४ पासून शेवटपर्यंत सगळं वाचून घेतलं आणि फलकाचा फोटो मुलाला पाठवला.

४ ऑगस्ट

‘फकिरा’ची एकही प्रत शिल्लक नाही, नावनोंदणी वहीत रांग लागलीय. ‘गीतारहस्य’ दोघांनी नेलं, त्यातला एक जयंती मंडळाचा मुलगा. टिळकांच्या खटल्यातल्या कोर्टातल्या भाषणाचं पुस्तक आहे का, असंही विचारून गेले. जिल्हा ग्रंथालयाकडे मागणी पाठवली.

१९०८ च्या फलकावर खालच्या कोपऱ्यात ओल आलीय. उद्या काढून मागे थर्माकोल लावायचा, कोळशाच्या चित्राला हात न लावता. मुलं पुढची तारीख मागतायत. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, असं त्यांनीच सुचवलंय. यादी आणताना कसोटी तीच राहील असं सांगितलं.